नवा घोडा आणि नवा स्वार: जोड लावायची तर अशी लावा

शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोडे बघून नाहीतर पन्हाळ्यावर एक चक्कर मारून आलं की आपल्या कोल्हापूरकडं दरवर्षी काही जणांच्या मनात घोडा घ्यायचं येतं, आणि त्यात वाईट काही नाही, घोडा पाळणारी माणसं वाढली पाहिजेत असंच मला वाटतं. अडचण पुढं होते. हौसेनं घेतलेला घोडा बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचा, नुकता फेरलेला म्हणजे नुकतंच काम शिकवलेला, दिसायला एकदम देखणा असतो आणि घेणारा एकतर कधीच नीट न शिकलेला, नाहीतर "लहानपणी काकांच्या घोडीवर बसायचो की" म्हणणारा. म्हणजे दोघंही नवीन. तालमीत वस्ताद नव्या पोराला लढतीला जुन्या पैलवानाच्या अंगावर सोडतो, कारण कुठं दाबायचं आणि कुठं ढिलं सोडायचं हे त्या जुन्याला कळतं. इथंही तसंच आहे, दोघांपैकी एकाला तरी येत असलं पाहिजे, आणि दोघांनाही येत नसेल तर ज्याला येतं असा तिसरा माणूस रोज मैदानात उभा पाहिजे. तो नसेल तर ही जोड लावूच नका, घोडा कितीही गरीब वाटू दे.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो, कारण आईबाप हमखास इथंच फसतात. "पोरगं दहा वर्षांचं आहे, शिंगरू दीड वर्षाचं घेऊ, दोघं बरोबरच मोठी होतील." ऐकायला गोड वाटतं पण असं करू नका. पोराला शिकायला बारा-पंधरा वर्षांची, चार ठिकाणं फिरलेली, कान न हलवता उभी राहणारी घोडी पाहिजे. ती दिसायला साधी असंल, मान खाली घालून चालत असंल, तरी तीच खरी गुरू.

"तयार घोडा" म्हणजे नक्की कशाला तयार?

बाजारात, मग तो सारंगखेड्याचा असू दे नाहीतर अकलूजचा, प्रत्येक घोडा "तयार" असतो. तुम्ही विचारायचं, कशाला तयार? आपल्याकडं घोडे वेगवेगळ्या कामाला फेरतात आणि ते काम घोड्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

वरातीत नाचणारा घोडा बघा. त्याला लगाम वर धरून टाच लावली की पाय उचलून नाचायचं हे शिकवलेलं असतं. आता त्याच्यावर नवखा माणूस बसला, त्याला भीती वाटली, त्यानं लगाम आवळला आणि पडू नये म्हणून पाय घट्ट दाबले, तर घोड्याच्या हिशोबानं त्याला नाचायची सूचना मिळाली. तो नाचायला लागतो, माणूस अजून घाबरतो, अजून आवळतो, आणि बघणारे म्हणतात घोडा मस्तीला आलाय. घोडा मस्तीला आलेला नसतो हो, तो शिकवलंय तेच करतोय.

रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड जातीचा घोडाही स्वस्तात मिळतो, पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरनं बरेच जण आणतात. आपल्याकडं हे घोडे दोन वर्षांचे असल्यापासनं पळतात, त्यामुळं चार-पाच वर्षांच्या घोड्याकडं अनुभव असतो खरा पण एकाच कामाचा. लगामावर वजन टाकलं की तो त्याचा आधार घेऊन जोर धरतो, थांबत नाही. आखूड रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) वर उचलून बसलेल्या जॉकीची त्याला सवय असते, दोन्ही बाजूंनी लोंबणारे पाय नवीन असतात. हा घोडा चांगल्या माणसाकडं वर्षभर नव्यानं शिकला तर सोनं आहे, पण ट्रॅकवरनं थेट नवशिक्याकडं कधीच नको.

टांग्याला फेरलेला घोडा ट्रॅफिकला दबत नाही हे त्याचं मोठं भांडवल, पण पाठीवरचं वजन आणि पायाचा इशारा त्याला माहीत नसतो. आणि भीमथडी जातीचे, धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर ओझं घेऊन चालणारे ते काटक छोटे घोडे, त्यांच्याकडं लोक उंची बघून दुर्लक्ष करतात, पण डोकं शांत, पाय पक्का, कुत्र्या-मेंढरांची सवय. हलक्या वजनाच्या नवख्या स्वारासाठी माझी पहिली नजर तिकडंच जाईल.

वय आणि वजन, इथं अंदाज चालत नाही

वय दातावरनं बघा, विकणाऱ्याच्या तोंडावरनं नको. पुढचे मधले दुधाचे दात पडून पक्के दात साधारण अडीच वर्षांनी येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, आणि कडेचे साडेचारला. म्हणजे कडेचे दात अजून दुधाचे असतील तर घोडा पाच वर्षांचा नाही, कुणी काहीही सांगू दे. याचा उपयोग दुसराही आहे, ह्या वयात दात हलत असतात, लगामाची कडी टोचते, काहींना दाढेच्या पुढं एक छोटा जादा दात असतो त्याला कडी लागते, आणि मग घोडा डोकं झटकतो. तुम्ही म्हणता खोडी आहे. आधी जनावरांच्या डॉक्टरकडनं तोंड तपासून घ्या.

हाडांचं असं आहे की पायाच्या खालच्या हाडांची वाढ लवकर पुरी होते पण पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, साडेपाच वर्षांच्या आसपास किंवा त्याहून उशिरा. त्यामुळं तीन-चार वर्षांच्या घोड्यावर जड माणूस, तोही तोल न सांभाळता धपाधप आपटणारा, म्हणजे पाठीचं नुकसान ठरलेलं.

वजन काढायला काटा लागत नाही, मऊ, लांब टेप बास. पुढच्या पायांच्या लगेच मागनं छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासनं ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, आलं किलोमध्ये वजन. घेर १६५ आणि लांबी १५० आली तर साधारण ३४४ किलो. पूर्ण वाढलेल्या, कामात असलेल्या घोड्यानं खोगिरासकट आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत न्यावं असा सर्वसाधारण नियम आहे, कोवळ्या घोड्याला मी १५ टक्केच धरतो. ३४४ किलोला २० टक्के म्हणजे ६९ किलो आणि १५ टक्के म्हणजे ५२. आता ८० किलोचे गृहस्थ, वर ८ किलोचं खोगीर, हिशोब तुम्हीच करा. बाजारात उंची इंचात सांगतात, "६२ इंची आहे साहेब", पण उंच घोडा म्हणजे वजन पेलणारा घोडा असं नसतं, मारवाडी जातीचा घोडा उंच असून अंगानं सडपातळ असतोय.

बघायला जाताना

न सांगता जाता आलं तर उत्तम, नाहीतर सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी. घोडा पागेत असताना बघायचाय, आधीच खोगीर घालून, पळवून दमवून उभा केलेला नको. पाठीवर खोगिराच्या जागी हात फिरवा, ओलं असेल तर आज आधीच काम झालंय.

मग सगळं क्रमानं करायला सांगा आणि फक्त बघत उभं राहा. पकडताना येतो का, चारी पाय उचलू देतो का, खरारा करताना (अंग घासताना) पोटाखाली हात लावू देतो का, तंग म्हणजे खोगिराचा पट्टा आवळताना चावायला वळतो का. ज्यानं फेरलाय तो चाबूकस्वार आधी बसेल, तुम्ही नाही, आणि तो बसायलाच तयार नसेल तर तिथनंच परत या. त्याच्यानंतर दुसरा कुणीतरी अनुभवी माणूस बसला पाहिजे, हे फार महत्त्वाचं आहे. नुकता फेरलेला घोडा एकाच माणसाचे हात ओळखत असतो. त्या माणसाखाली तो अगदी मेंढरासारखा चालतो आणि दुसरा बसला की गोंधळतो. हा गोंधळ किती होतो आणि किती वेळात निवतो ह्यावर सगळा निर्णय आहे. बुजला तरी चालेल, कोवळं जनावर बुजणारच, पण बुजल्यावर जागेवर थबकून बघतोय की वळून उधळतोय? थबकणारा घ्या. घाबरलेला घोडा दोन-तीन मिनिटांत मान खाली घालून तोंड चघळायला लागला तर तो शिकणारा आहे.

पागेपासनं लांब न्यायला सांगा, इतर घोडे दिसणार नाहीत इतकं. बरेच घोडे घरापाशी देव असतात आणि फाट्याबाहेर गेले की अडतात.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. एकदा शांत दिसलेला घोडा औषधानं शांत असू शकतो, दमल्यामुळं शांत असू शकतो, उपाशी असू शकतो. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या वेळी तोच स्वभाव दिसला तर विश्वास ठेवा. व्यवहाराआधी डॉक्टरकडनं पायांची, डोळ्यांची तपासणी आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या, तो रोग माणसालाही होतो आणि त्यावर घोड्याला उपचार करत नाहीत, नष्टच करावा लागतो.

आता स्वाराची परीक्षा

घोड्याची एवढी छाननी करणारी माणसं स्वाराची काहीच करत नाहीत. स्वाराला नव्या घोड्यावर बसवून बघायचं नसतं, आधी जुन्या शांत घोड्यावर बसवायचं. मी हे एवढं बघतो: लांब दोरीवर घोडा गोल फिरत असताना लगाम न धरता, हात कमरेवर ठेवून दुडकीत (हळू पळताना) बसता येतं का. रिकीब सोडून चालीत दहा मिनिटं राहता येतं का. थांबवताना लगाम खेचतो की आधी अंग जड करून बसतो आणि मग हात बंद करतो. आणि चालत्या घोड्यावरनं दोन्ही रिकिबी सोडून स्वतःहून खाली उतरता येतं का. लगामाला धरून तोल सांभाळणारा माणूस कोवळ्या घोड्याचं तोंड दोन आठवड्यांत दगड करून टाकतो, त्याची मांड म्हणजे खोगिरावरची बैठक पक्की होईपर्यंत त्याला नवा घोडा द्यायचा नाही, मग तो घोडा त्याच्याच पैशाचा का असेना.

परत येणाऱ्यांबद्दल जरा जास्त बोलतो. पंधरा-वीस वर्षांनी परत येणारा स्वार मला पूर्ण नवख्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. नवखा घाबरून विचारत विचारत करतो. परत आलेल्याला सगळं आठवत असतं, डोक्याला माहीत असतं की इथं अंग असं वळवायचं, पण कंबर वळत नाही, मांडीत ताकद राहिलेली नसते, आणि मधल्या काळात वजन वाढलेलं असतं. त्याच्या आठवणीत जो घोडा असतो तो बहुतेक तयार, जुना घोडा असतो, त्यानं तेव्हा स्वाराच्या किती चुका पदरात घेतल्या हे कळायचं वय नव्हतं. म्हणून "मला येतं" हे ऐकून घ्यायचं, मान द्यायचा, आणि तरी परीक्षा पहिल्यापासनं घ्यायची. काका, मामा, साहेब कुणी असू दे. पाठीचं, गुडघ्याचं दुखणं, बीपी, आणि खास करून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय बसू नये, कारण साध्या पडण्यातसुद्धा आत रक्तस्राव होऊ शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं.

भीती वाटते का हे एकांतात विचारा, चार जणांत कुणी खरं सांगत नाही. भीती असणं अपात्रता नाही, फक्त जोड लावताना ती मोजावी लागते.

जोड लावणं

नवखा आणि घाबरट स्वार असेल तर लोक त्याला मुद्दाम आळशी घोडा देतात. पूर्ण आळशीही देऊ नका. जो घोडा तीन वेळा टाच मारल्याशिवाय हलत नाही त्याला नवखा माणूस हलवूच शकत नाही, घोडा महिन्याभरात शिकतो की हा बसला की उभं राहायचं, आणि मग गवत खायला मान खाली, स्वार पुढं. पाहिजे तो मधला घोडा, हळू इशाऱ्याला चालणारा पण स्वतःहून वेग न वाढवणारा. नवख्यासाठी वय किमान आठ धरा, त्याखालचा फक्त शिकवणारा रोज हजर असेल तर.

ज्याची मांड पक्की आहे पण बरीच वर्षं सुटलंय, अशा परत आलेल्या स्वाराला सहा-सात वर्षांचा, निदान दोन वर्षं वेगवेगळ्या माणसांखाली काम केलेला घोडा चालतो. आधी दोन-तीन महिने जुन्या घोड्यावर अंग मोकळं करून घ्यायचं, मग ह्याच्यावर.

चार वर्षांचा नुकता फेरलेला घोडा फक्त अशा स्वाराला, ज्याचे हात शांत आहेत, ज्याचा राग ताब्यात आहे आणि जो आठवड्यातनं चार-पाच दिवस येणार आहे. रविवारी एक दिवस येणाऱ्याला असा घोडा देऊ नका, सहा दिवस चंदी (दाणा) खाऊन उभा असलेला कोवळा घोडा सातव्या दिवशी कुणाचाच नसतो.

तापट घोडा आणि तापट माणूस, ही जोड कधीच नाही, कितीही अनुभव असू दे.

पहिले दोन महिने

पहिला आठवडा बसायचंच नाही. स्वारानं स्वतः खरारा करायचा, खूर साफ करायचे, हातात दोर धरून चालवायचं, थांबवायचं, मागं सरकवायचं, मोतद्दारावर, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या गड्यावर, सगळं सोडून फक्त बसायला यायचं नाही. जमिनीवर जो घोडा तुमच्या अंगावर रेटतो तो वर बसल्यावर ऐकेल अशी आशा धरू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लांब दोरीवर, दोर शिकवणाऱ्याच्या हातात. ओट्यावरनं किंवा स्टुलावरनं बसा, जमिनीवरनं रिकिबीत लटकून चढलं की खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि घोड्याच्या पाठीला पीळ बसतो. बसताना घोडा हलला तर उतरा, पुन्हा उभा करा, पुन्हा बसा. वीस-पंचवीस मिनिटं बास. काही चांगलं केलं की त्या क्षणी लगाम ढिला करायचा, दाब काढला की घोड्याला कळतं की बरोबर केलं, दोन सेकंद उशिरा काढला तर तो भलतंच शिकतो. नवख्या स्वाराला जमायला सगळ्यात अवघड हेच आहे आणि म्हणूनच बाजूला उभा असलेला माणूस ओरडून सांगायला लागतो, "सोड, आता सोड!"

एका लगामानं थांबवायचं ह्याच दिवसांत शिका. एक हात हळूच मागं मांडीकडं आणून घोड्याची मान एका बाजूला वळवायची, तो गोल फिरत फिरत थांबतो, थांबला की लगेच सोडायचं. आधी उभ्यावर, मग चालीत, मग दुडकीत, दोन्ही बाजूंनी, रोज. पण भरधाव पळणाऱ्या घोड्याला झटक्यात असं वळवलं तर तो पाय अडकून पडतो, तिथं आधी मोठ्या गोलावर घेत घेत वेग कमी करायचा.

त्यानंतर बंदिस्त मैदानात, दोर सोडून. आठवड्यातनं दोन दिवस चाबूकस्वारानंच बसायचं, हे पुढचे सहा महिने सोडू नका, ह्यात पैसे वाचवणाऱ्यांचे घोडे बिघडलेले मी बघितलेत. स्वाराकडनं घोड्याच्या शिक्षणात रोज थोडी माती पडत असते, ती कुणीतरी झाडली पाहिजे.

चंदी कामाप्रमाणं. वैरण पोटभर, पण हरभरा-जव भरपूर आणि काम अर्धा तास, असं केलं की घोडा उसळतोच. खोगीरही बघा, कोवळ्या घोड्याचं अंग दर चार-सहा महिन्यांनी बदलतं, उन्हाळ्यात बरोबर बसलेलं खोगीर दिवाळीला टोचतं. काम झाल्यावर घामाचा ठसा बघा, मधेच कोरडा डाग असेल तर तिथं दाब पडतोय.

स्वारासाठी घोडेस्वारीचंच हेल्मेट, मोटरसायकलचं जड पडतं आणि सायकलचं मागनं पुरेसं झाकत नाही. पायात टाच असलेला बूट. आपली कोल्हापुरी चप्पल कितीही आवडती असली तरी रिकिबीत नाही, पाय आरपार जाऊन अडकला तर घोडा फरफटत नेतो.

बाहेर पडताना

आपल्याकडं साखर कारखाने सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या, वर मोठ्या आवाजात गाणी. कोवळ्या घोड्यासाठी याहून कठीण परीक्षा नाही. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी घोड्याला बंद उभ्या ट्रॅक्टरजवळ नेऊन आणा, मग चालू इंजिनाजवळ, मग लांबून जाणाऱ्या ट्रॉलीच्या मागं मागं चालवा. मागं चालणं महत्त्वाचं, जी गोष्ट आपल्यापासनं लांब जाते तिची भीती लवकर निवते. गणपतीत डीजे असताना आठ-दहा दिवस बाहेर काढूच नका.

पहिल्या सगळ्या चकरा जुन्या घोड्याबरोबर, सकाळी लवकर, आणि जुना घोडा गाड्यांच्या बाजूला, नवा रस्त्याच्या कडेकडं. रंकाळा तलावावर रविवारी संध्याकाळी नको, तिथं फुगे, पोरं, गाड्या सगळं एकदम येतं. पन्हाळ्याकडं किंवा मसाई पठारावर नेत असाल तर जांभ्या दगडावर पावसाळ्यात नाल मारलेला खूर घसरतो, तिथं फक्त चाल. जून ते सप्टेंबर आपल्याकडं मैदानं चिखलानं भरतात, घोडा उभा राहतो आणि स्वारही घरी बसतो, मग ऑक्टोबरमध्ये दोघं एकदम बाहेर पडतात आणि सगळे अपघात तेव्हाच. पावसाळ्यानंतर पहिले दोन आठवडे पुन्हा दोरीवर, जणू घोडा आजच आणलाय.

जोड जमत नाही हे कसं ओळखायचं

स्वार यायची कारणं टाळायला लागतो, हे सगळ्यात पहिलं लक्षण. "आज काम आहे", "आज ऊन लई आहे". घोड्याकडं बघाल तर खोगीर दिसलं की कान मागं, तंग आवळताना पोट फुगवणं, जी गोष्ट गेल्या महिन्यात करत होता ती आता न करणं, गेटपाशी ओढणं. एकदा-दोनदा झालं तर पाठ, दात, नाल तपासा. तपासून सगळं ठीक निघालं आणि तरी चालूच राहिलं तर स्वार बदला. दुगाण्या झाडून पाडलं किंवा मागच्या पायावर उभा राहिला तर त्याच दिवशी नवख्यानं बसणं बंद, घोडा परत चाबूकस्वाराकडं. ह्यात कुणाचा अपमान नाही, पण घोड्याला एकदा कळलं की माणूस पाडला की काम संपतं तर ते विसरायला वर्ष जातं.

म्हणून व्यवहार करतानाच महिनाभराची ट्रायल मागा आणि ती कागदावर लिहून घ्या: घोड्याचं वय, रंग, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांच्या खुणा, फोटो, डॉक्टरचा तपासणी कागद, ट्रायलमध्ये घोडा आजारी पडला तर खर्च कुणाचा, आणि जोड जमली नाही तर किती पैसे कापून घोडा परत. चांगला विकणारा याला तयार होतो, थोडा भाव जास्त घेतो इतकंच. तो जास्तीचा भाव द्या.